सातव्या आठवड्यात धीर सुटतो तेव्हा

आधी प्रश्न, थोडक्यात, विचारणाऱ्याच्याच शब्दांत:

"वय ३४. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. चार महिन्यांपूर्वी एकदम धडधड, छातीवर दडपण, हातापायाला घाम. ईसीजी, टूडी इको, रक्त, सगळं नॉर्मल आलं. पुढं झोप गेली, जेवण तुटलं, कशातच जीव रमेना. शेवटी मानसोपचार डॉक्टरांकडं गेलो. एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम सकाळी आणि क्लोनाझेपाम ०.५ रात्री. आता सातवा आठवडा चालू आहे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात बरंच हलकं वाटत होतं. सवय लागायला नको म्हणून झोपेची गोळी माझी मीच बंद केली. गेले दहा दिवस परत पहाटे चारला जाग, परत धडधड. पंचगंगेच्या पुलावरून गाडी न्यायची हिंमत होत नाही, मित्राच्या मागं बसून कामावर जातो. आई म्हणते सगळ्याच गोळ्या सोड. बायको म्हणते धीर धरा. डॉक्टर, धीर किती धरायचा? मी पहिल्यासारखा होणार का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. होय, तुम्ही बरे व्हाल असंच मला वाटतं, आणि तुमचं मन राखायला म्हणून हे सांगत नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात हलकं वाटलं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. पहिल्या महिन्यात थोडा जरी फरक जाणवला, तरी पुढं चांगला फरक पडण्याची शक्यता बरीच वाढते. ते चांगले पंधरा दिवस खरे होते. ते आत्ता आठवत नाहीत, किंवा आठवले तरी खोटे वाटतात, हे या आजाराचं काम आहे.

आणि हे दहा दिवस वाईट का गेले, तेही तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही क्लोनाझेपाम एकदम बंद केलं. हे औषध काही आठवडे रोज घेतलं की मेंदू त्याच्या हिशोबानं बसतो. ते अचानक काढलं की झोप उडते, धडधड वाढते, हात थरथरतात, म्हणजे ज्या त्रासासाठी ते दिलं होतं तोच त्रास काही दिवस जास्त जोरानं होतो. त्यात क्लोनाझेपाम शरीरातून हळूहळू बाहेर पडतं. त्यामुळं त्रास बंद केल्याच्या रात्रीच सुरू होत नाही, दोन-तीन दिवसांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो, आणि माणसाच्या डोक्यात दोन्हींचा संबंध जुळत नाही. "गोळी सोडून चार दिवस चांगले गेले होते, मग आजारच परत आला," असं मी किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही. तुमच्या बाबतीतही बहुतेक हेच झालंय. म्हणून हे वाचून झाल्यावर पहिलं काम, तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि गोळी कोणत्या तारखेला बंद केली ते सांगा. ती परत सुरू करून थोडी थोडी कमी करायची की आता तशीच बंद ठेवायची, हे ते ठरवतील. तुम्ही स्वतःहून काही करू नका. सवय लागू नये ही तुमची काळजी बरोबरच होती. चूक झाली ती एका रात्रीत बंद करण्यात.

आता धीराबद्दल.

मी चोवीस वर्षं कोल्हापुरात हे काम करते आहे. सुरुवातीची बरीच वर्षं प्रत्येक चिठ्ठी लिहून झाली की मीही "धीर धरा" असं म्हणायचे. एकदा एका निवृत्त शिक्षिकांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "डॉक्टर, धीर धरायला मनात जी ताकद लागते तीच गेलीय म्हणून तुमच्याकडं आले. पाय मोडलेल्याला तुम्ही उभं राहायला सांगताय." त्या दिवसापासून हे दोन शब्द मी जपून वापरते.

कारण धीर सुटणं हे डिप्रेशन आणि अँग्झायटी, तुमच्या या दोन्ही आजारांचं लक्षणच आहे. डिप्रेशनमध्ये वेळ सरकत नाही. दुपार दोन दिवसांची वाटते. पुढच्या महिन्यात आपण हसत असू, असं चित्रच डोळ्यांसमोर उभं राहत नाही. अँग्झायटीचं मागणं वेगळं असतं, तिला खात्री आत्ताच हवी असते. ही धडधड थांबेल ना? कधी? नक्की? उत्तर मिळालं की दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग तोच प्रश्न परत. हे दोन्ही एकाच माणसात असतील, तर त्याला नुसतं धीर धर म्हणून काही होत नाही. धीर वाटून घ्यावा लागतो. थोडा डॉक्टरनं, थोडा घरच्यांनी, आणि राहिलेला एका वहीनं. वहीचं पुढं सांगते.

गोळीला इतका वेळ का लागतो, हे समजलं की वाट बघणं थोडं सोपं जातं. एसिटालोप्राम, म्हणजे तुमची सकाळची गोळी, पोटात गेल्यावर काही तासांतच मेंदूत पोचतं. दोन पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं, आणि ते परत आत ओढून घेणारा एक पंप असतो. गोळी तो पंप अडवते. मग पहिल्याच दिवशी बरं का वाटत नाही? कारण सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवर त्याच्या पातळीवर नजर ठेवणारे रिसेप्टर असतात. पातळी वाढली म्हटल्यावर ते पेशीला सांगतात, आता सोडणं कमी कर. हे राखणदार सैल पडायला दोन-तीन आठवडे जातात. त्याच्याही पुढं पेशींमधल्या जोडण्या बदलतात, भीतीचा इशारा देणारे मेंदूतले भाग हळूहळू शांत होतात. ही वाढीची कामं आहेत, त्यांना आठवडे लागतात. "मेंदूत एक केमिकल कमी पडलंय, गोळीनं ते भरलं की झालं" असं पूर्वी आम्हीच पेशंटना समजावायचो. ते फार सोपं करून सांगणं होतं, आणि त्यामुळंच लोकांना वाटतं की टाकी भरायला एवढा वेळ कसा लागतो.

साधारण क्रम असा दिसतो. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, डोकं जड, पोट बिघडणं, कधी उलट बेचैनी वाढणं. अँग्झायटीच्या पेशंटला हे जास्त जाणवतं. म्हणून आम्ही बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतो आणि पहिले काही आठवडे सोबत क्लोनाझेपामसारखं काहीतरी देतो. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात झोप, भूक, चिडचिड यांत फरक पडू लागतो, आणि तो पेशंटच्या आधी घरच्यांना दिसतो. मनाची उदासी त्यानंतर हटते. एकाग्रता, आत्मविश्वास आणि "आतून" आनंद वाटणं हे सगळ्यांत मागून येतं. पुरेशा डोसवर सहा ते आठ आठवडे दिल्याशिवाय ही गोळी लागू पडली की नाही हे ठरवता येत नाही. अँग्झायटीला तर बारा आठवडेही लागतात.

म्हणजे तुम्ही आज निकालाच्या दिवसापर्यंतसुद्धा पोचलेला नाही. आणि निकाल अर्धवट आला तरी दारं बंद होत नाहीत. अमेरिकेत चार हजारांवर पेशंट घेऊन स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या औषधावर पूर्ण बरे झालेले साधारण एक तृतीयांश होते. बाकीच्यांना पुढच्या पायऱ्या लागल्या, औषध बदललं किंवा जोडीला दुसरं दिलं. त्यामुळं तुमच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीत एसिटालोप्राम १५ किंवा २० केलं, तर "माझी केस बिघडली" असा अर्थ काढू नका. चपलेचा नंबर बघतात, तसा डोस बघावा लागतो.

आता ती वही.

पुराच्या दिवसांत आपल्याकडं सकाळी उठल्या उठल्या एकच प्रश्न असतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, तुम्हीही तेव्हा कामावर जाऊ शकला नसाल. ते पाणी उतरायला लागलं तेव्हा दारात उभ्या असलेल्या माणसाला उतरताना दिसत नव्हतं. सकाळी पायरीवर, दुपारी पायरीवरच. ज्यानं भिंतीवर कोळशानं रेघ मारून ठेवली होती, त्यालाच कळत होतं की चार इंच गेलं. आणि मध्येच राधानगरी धरणाचा एखादा स्वयंचलित दरवाजा उघडायचा, पाणी परत थोडं चढायचं. लोक वैतागायचे, पण पूर नव्यानं आला असं कोणी म्हणत नव्हतं.

तुम्ही सध्या दारात उभे राहून पाण्याकडं टक लावून बघताय. सकाळी डोळे उघडल्याबरोबर पहिली तपासणी: आज कसं वाटतंय? छातीत काही होतंय का? ही तपासणीच धडधड वाढवते. त्यात डिप्रेशनमध्ये बऱ्याचदा पहाट आणि सकाळ ही दिवसातली सर्वांत वाईट वेळ असते, संध्याकाळी माणूस त्यामानानं मोकळा असतो. म्हणजे माप घ्यायची वेळच चुकीची. म्हणून माप आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रविवारी संध्याकाळी. एका पानावर पाच ओळी: किती रात्री पाच तासांच्या वर झोप झाली, किती दिवस दोन वेळचं जेवण गेलं, किती दिवस कामावर गेलो, धडधडीचा झटका किती वेळा आला आणि किती वेळ टिकला, आणि एखादी गोष्ट अशी की जी करताना पाच मिनिटं का होईना मी स्वतःला विसरलो. गोळी चुकली असेल तर तीही लिहायची. डॉक्टर लोक नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. आकडा निम्मा झाला तर औषध लागू पडतंय, पाचच्या खाली आला तर आजार उतरला असं धरतात. ती मराठीत मिळते, तुमच्या डॉक्टरांकडं मागा. पण तीही रोज भरायची नाही.

मंगळवार पेठेतल्या एक काकू माझ्याकडं यायच्या. ओळख लागू नये म्हणून थोडे तपशील बदलते. तिसऱ्या महिन्यात आल्या, खुर्चीत बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "काय बी फरक न्हाई डॉक्टर. हुतं तसंच हाय." सोबत सून होती. तिनं पिशवीतून स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, गुंडाळी सोडून माझ्या टेबलावर पसरलं आणि कोपऱ्यावर माझं बीपीचं मशीन ठेवलं. चौकोनाचौकोनांत दुधाचे खाडे लिहिलेले, एका तारखेला सिलिंडर आल्याची नोंद, कुठं फोडणीचा पिवळा डाग. आणि काही चौकोनांत हिरव्या स्केचपेनचा एक ठिपका. काकू ज्या दिवशी आपण होऊन उठून काही करतील, मग ती एक भाकरी थापणं असो की दारातल्या तुळशीला पाणी घालणं, त्या दिवशी सून ठिपका देत होती. काकूंना न सांगता. पहिल्या महिन्यात तीन ठिपके. दुसऱ्यात अकरा. तिसरा महिना संपायला नऊ दिवस बाकी होते आणि ठिपके सतरा झाले होते. काकूंनी चष्मा लावला, बोटानं मोजले. परत मोजले. मग म्हणाल्या, "ह्ये माझंच हाय?"

धीर वाटून घ्यावा लागतो असं वर म्हटलं, ते मी त्या सुनेकडून शिकले. तुमच्या बायकोला नुसतं "धीर धरा" म्हणायचं काम देऊ नका, हिरवं स्केचपेन द्या.

मध्येच वाईट दिवस येणार, हे गृहीत धरा. त्यांची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात आणि शोधली तर सापडतात: दोन रात्रींची शिफ्ट, ताप, चुकलेल्या गोळ्या, घरातलं भांडण, बायकांत पाळीच्या आधीचे दिवस, शनिवारची दारू. दारूबद्दल जरा थांबून सांगते, कारण कारखान्यातल्या मित्रांत हे चालतं. पिताना दोन तास बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशीची अँग्झायटी दुप्पट असते, झोप उथळ होते, आणि क्लोनाझेपामसोबत तर ती धोक्याचीच आहे. हे काही महिने पूर्ण बंद ठेवा. चहाही मोजा. भट्टीजवळ काम करणारे दिवसाला आठ-आठ कप घेतात आणि मग धडधड का होते म्हणून विचारतात. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन खात असाल तर डॉक्टरांना सांगा. एसिटालोप्रामसोबत त्या घेतल्या की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. आणि रक्त नॉर्मल आलं म्हणालात, त्यात थायरॉईड आणि बी-१२ होतं का तेवढं बघून घ्या.

आईंचा मुद्दा. त्या काळजीनं म्हणतात, आणि अर्धं बरोबर म्हणतात. क्लोनाझेपामची सवय लागू शकते, म्हणूनच ते थोड्या दिवसांसाठी असतं आणि हळू कमी करायचं असतं. एसिटालोप्रामची तशी सवय लागत नाही. त्याची तलफ येत नाही, तेवढाच परिणाम मिळावा म्हणून डोस वाढवत जावा लागत नाही. पण अचानक थांबवलं तर काही दिवस चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके असा त्रास होतो. त्यामुळं तेही बंद करायची वेळ येईल तेव्हा आठवडे किंवा महिने घेऊन पायरी पायरीनंच. आईंना पुढच्या भेटीला सोबत न्या आणि हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. त्यांनी जोतिबाला नारळ बोलला असेल तर जाऊन या. दोन माणसांत मिसळाल, चार पायऱ्या चढाल. अंगारा लावला म्हणून मी आजवर कोणाला रागावलेली नाही. फक्त "गोळ्या सोडा मगच गुण येईल" असं सांगणारा कोणी भेटला, तर तिथून उठून या. अशा सांगण्यावरून घडलेलं फार वाईट मी डोळ्यांनी बघितलंय.

गोळ्या किती दिवस? पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतर, आणि "बरं वाटायला लागल्यानंतर" हे महत्त्वाचं, त्याच डोसवर सहा ते नऊ महिने. सोबत अँग्झायटी असेल तर साधारण वर्षभर. आजार पूर्वी येऊन गेलेला असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. लोक इथंच घसरतात. पुराचं पाणी गेलं, अंगण कोरडं झालं, पण भिंतीत ओल किती महिने होती ते आठवा. कागल भागातले एक गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळात काहिलीत उसाचा रस आटवून गूळ करणारे, माझे पेशंट होते. तीन महिन्यांत छान झाले, गोळ्या आपल्या आपण सोडल्या, आणि ऐन हंगामात परत आजारी पडले. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनीच सांगितलं, "आधण पुरं व्हायच्या आत काहील उतरली बघा. काकवीच ऱ्हायली, गूळ काय धरला न्हाई." मी तेव्हापासून हे वाक्य दुसऱ्या पेशंटना सांगते, त्यांच्या परवानगीनं.

एक गोष्ट पुरुष पेशंट विचारत नाहीत म्हणून मीच लिहिते. एसिटालोप्रामसारख्या गोळ्यांनी लैंगिक इच्छा कमी होणं, वीर्यपतनाला उशीर लागणं हे बऱ्याच जणांना होतं. कितीतरी जण केवळ यासाठी गुपचूप गोळी सोडतात आणि आम्हाला म्हणतात, "विसरलो." यावर उपाय असतात, डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा. बायकोलाही सांगा, नाहीतर ती स्वतःलाच दोष देत बसते.

आणि पूल. गोळी तुमच्या अंगातला भोंगा हळू करेल, पण पुलाची भीती पूल टाळून जाणार नाही. तुम्ही मागं बसून जाता, पलीकडं पोचल्यावर सुटल्यासारखं वाटतं, आणि मेंदू त्यातून शिकतो की पूल धोक्याचाच होता, मी चालवली नाही म्हणून वाचलो. हे उलटं शिकवावं लागतं. सुटीच्या दिवशी सकाळी, रहदारी कमी असताना, मित्राला मागं बसवून पुलाच्या अलीकडं तावडे हॉटेलपर्यंत गाडी तुम्ही चालवा आणि परत या. हे तीन-चार वेळा. मग मित्राला मागं घेऊन पूल ओलांडा, पलीकडं थांबा, परत या. छातीत धडधड होणार. ती होऊ द्या. गाडी हळू चालवा, श्वास नाकानं घ्या आणि सोडताना लांब सोडा, आणि भीती चढते तशी उतरतेही, हे अंगानं अनुभवा. मग मित्र पाठीमागच्या गाडीवर. मग एकटे. एक पायरी कंटाळवाणी वाटेपर्यंत पुढची घ्यायची नाही. पण एक अट आहे. सध्या झोप उडालेली आहे आणि झोपेच्या गोळीचा घोळ चालू आहे, तो निस्तरेपर्यंत गाडीवरच्या पायऱ्या सुरू करू नका. तोवर रंकाळ्याला रोज वीस मिनिटं चाला. पूर्ण फेरी मारायची नाही, मनात येवो न येवो वीस मिनिटं चालायचं. "करू वाटंना" हे वाक्य रोज येईल. वाटायची वाट बघू नका. या आजारात आधी पाय चालतात, वाटणं मागून येतं. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारे उपचार, करणारे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ कोल्हापुरात आहेत, गोळ्यांसोबत ती केली तर हे सगळं जास्त नीट होतं. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, आपल्या सीपीआरला, मानसोपचार विभाग आहे.

आता सगळ्यांत गंभीर भाग, आणि तो घरच्यांनीही वाचावा. काही गोष्टींत धीर धरायचा नसतो. मरणाचे विचार येऊ लागले, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं परत परत मनात येऊ लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिले काही आठवडे, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत, याकडं बारीक लक्ष ठेवावं लागतं. रात्र असेल तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. जीवाला धोका वाटत असेल तर माणसाला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि सरळ दवाखान्यात न्या. शेतकरी घरांत औषधाचे डबे गोठ्यात उघडे असतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

तसंच, झोप तीन-चार तासच होतेय तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, डोक्यात मोठे मोठे बेत, पैसे उधळणं, असं अचानक सुरू झालं तर "अरे वा, बरा झाला" म्हणून खूश होऊ नका. आजार वेगळ्या जातीचा असू शकतो आणि औषध बदलावं लागतं. खूप घाम, ताप, अंगाला झटके, गोंधळल्यासारखं बोलणं, अंगावर पुरळ, किंवा एका जागी बसवतच नाही अशी तगमग, यांतलं काहीही असेल तर लगेच दाखवा. आणि पुरेशा डोसवर आठ आठवडे होऊनही तुमच्या वहीतल्या पाच ओळींपैकी एकही हललेली नसेल, तर गप्प बसून गोळी गिळत राहणं हा धीर नाही. डॉक्टरांना विचारा, पुढं काय करायचं? तो तुमचा हक्क आहे. त्यांनी दोन मिनिटांत चिठ्ठी हातात दिली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आपल्या गावात एक अडचण आणखी असते. तालमीचं गाव, रांगडा गडी, त्याला कसली आलीय भीती, असं बोलणारे भेटतात. तुमच्या फौंड्रीतही असतील. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. "तब्येतीची औषधं चालू आहेत" एवढं पुरे. पण एक माणूस असा ठेवा ज्याला खरं माहीत आहे. रोज न कुरकुरता तुम्हाला मागं बसवून पुलावरून नेणारा मित्र, मला वाटतं, तोच आहे. त्याला एकदा बसवून सगळं सांगा.

आज फोन करताना झोपेच्या गोळीचं पहिल्यांदा सांगा, बाकीचं नंतर. या रविवारी संध्याकाळी वहीचं पहिलं पान लिहा, आणि त्यात ते चौथ्या-पाचव्या आठवड्यातले चांगले दिवसही आठवतील तेवढे टिपून ठेवा. बायकोला विचारा, तुमच्यापेक्षा तिला जास्त आठवतील.